काजवेबाईंची ताई

काजवेबाईंच्या घरात रोज सकाळी भांडण होतं, असा शेजाऱ्यांचा पक्का समज होता. समोर नव्याने राहायला आलेल्या बाईंनी तर एकदा जिन्यात गाठून हळूच विचारलंही, "काही त्रास आहे का हो तुम्हाला? आम्ही आहोत बरं का." काजवेबाई आधी गोंधळल्या आणि मग जिन्यातच हसत सुटल्या. भांडणबिंडण काही नव्हतं. नवऱ्याला ऐकू कमी यायचं, कानातलं यंत्र तो कानात सोडून बाकी सगळीकडे ठेवायचा, आणि "चहा घेणार का?" एवढा साधा प्रश्न तीन खोल्या ओलांडून पोचवावा लागायचा. पोचेपर्यंत त्याचा सूर जो काही होई, तो शेजारी ऐकत.

बाईंनी मात्र या बहिरेपणाचा पुरेपूर उपयोग करून घेतला होता. "तुम्ही संशोधन करता म्हणजे नक्की काय हो करता?" असं कुणी विचारलं की त्या नवऱ्यालाच पुढे करायच्या. म्हणायच्या, "हे बघा, गळ्यात एक ग्रंथी असते, थायरॉइड. ती हार्मोन सोडते, म्हणजे सगळ्या शरीराला निरोप धाडते. तो निरोप ऐकायला प्रत्येक पेशीत एक कान असतो. त्याला आम्ही रिसेप्टर म्हणतो. हा कान कसा घडवायचा ते जनुकात लिहिलेलं असतं. त्यातलं एखादं अक्षर चुकलं की कान बहिरा. मग ग्रंथी बिचारी ओरडायला लागते, आमच्या घरी मी ओरडते तशी. आणि बाहेरच्यांना वाटतं, दोष ओरडणारीचा आहे." नवरा शेजारी बसून मान डोलवायचा. त्याला यातलं अर्धं ऐकू आलेलं नसायचं, पण आपल्याविषयी काहीतरी महत्त्वाचं चाललंय एवढं त्याला कळायचं, आणि तेवढ्यावर तो खूश असायचा.

या एका कानामागे बाईंनी अख्खी नोकरी घालवली. त्यांच्याबरोबर लागलेले लोक दर चार-पाच वर्षांनी नवा विषय धरत, नवी यंत्रं मागवत, नव्या परिषदांना जात. बाई तळमजल्याच्या टोकाच्या खोलीत जिथे होत्या तिथेच राहिल्या. खोली तशी छान होती. खिडकीशी जुना चौकोनी सिंक, मधे लांब टेबल, कोपऱ्यात पेशी वाढवायचं गरम कपाट आणि त्याची अखंड घरघर. काचेच्या पडद्याआड हात घालून काम करायची जागा इतकी स्वच्छ, की तिथे शिंक यायच्या आधी माणूस माफी मागेल. स्पिरिटचा वास तर त्या खोलीच्या हाडीमासी मुरला होता. निवृत्ती तोंडावर आली तरी रोज सकाळी दार उघडताना बाईंना बरं वाटायचं. असं म्हणता येणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत.

काजवेबाई हे नाव याच खोलीत पडलं. रिसेप्टरला ऐकू येतं की नाही हे तपासायची त्यांची पद्धत अशी होती: पेशींमध्ये दोन जनुकं सोडायची. एक रिसेप्टरचं, दुसरं काजव्याचं. वरून हार्मोनचे थेंब घालायचे. रिसेप्टरने ऐकलं की तो काजव्याच्या जनुकाला जागं करतो आणि पेशी उजळते. डोळ्यांना दिसणार नाही इतका तो उजेड बारीक, पण यंत्र मोजून सांगतं. धड कान असला तर चिमूटभर हार्मोनवर लखलखाट. बहिरा असला तर अंधार, आणि हार्मोनचा मारा केला तरच थोडा उजेड. ऐकू येतं आहे का ते विचारायचं आणि उजेडाने उत्तर घ्यायचं, असा सगळा कारभार.

बाईंचे दोन नियम होते आणि विद्यार्थी दोन्हींवर वैतागायचे. पहिला नियम, मनासारखं उत्तर आलं तर प्रयोग पुन्हा करायचा, आणि मनाविरुद्ध आलं तरी तितकाच पुन्हा करायचा, जास्त नाही आणि कमीही नाही. "नाहीतर आपण उत्तर शोधत नाही, उत्तराची वाट बघत बसतो," असं त्या म्हणायच्या. दुसरा नियम, कुठल्याही प्रयोगात एका बाजूला धडधाकट रिसेप्टर आणि दुसऱ्या बाजूला "ताई" लावल्याशिवाय बारीक खणांची प्लेट यंत्रात घालायची नाही. ताई म्हणजे एका बहिऱ्या रिसेप्टरचा नमुना. बाईंच्या हातून घडलेला पहिला. खोलीत येणारं प्रत्येक पोर पहिल्या आठवड्यात शिकायचं, की ताईला ऐकू येत नाही, आणि नव्या रिसेप्टरला जोखायचं ते ताईशी ताडून. हे नाव कुठून आलं ते कुणी विचारलं नाही. प्रयोगशाळेत लोक उंदरांनाही काका म्हणतात.

ताई म्हणजे खरोखर बाईंची ताई होती. सख्खी, थोरली.

लहानपणी ही ताई एका जागी बसलेली कुणी पाहिली नव्हती. जेवताना पाय हलवायची, झोपेत बडबडायची, शाळेतून चालत कधी आलीच नाही, पळतच यायची. पुढे तिचा गळा जरा फुगल्यासारखा दिसायला लागला, हात थरथरायला लागले, छाती धडधडायची. रक्त तपासलं तर हार्मोन भरमसाट. डॉक्टरांनी त्यांच्या परीने सरळ हिशेब केला, ग्रंथी जास्त काम करते आहे, काढून टाका. काढली. त्यानंतर ताई जी थंडावली ती थंडावलीच. रोजच्या गोळ्या होत्या, पण त्या चारचौघांच्या मापाच्या, आणि तिच्या बहिऱ्या पेशींना तेवढ्याने काय होणार? भर उन्हाळ्यात स्वेटर घालून बसायची, बोलता बोलता डुलकी लागायची. घरी येणारी माणसं मात्र कौतुक करत, "शांत झाली हो पोर!" धाकटीला त्या कौतुकाचा तेव्हापासून राग होता. संतापच म्हणा ना.

याच संतापाचं पुढे शास्त्र झालं. धाकटी शिकली, जनुकांच्या मागे लागली, आणि एक दिवस सुई घेऊन ताईसमोर उभी राहिली. ताईच्या रक्तात ते चुकलेलं अक्षर सापडलं. हृदयाचा कान वेगळ्या जनुकातून घडतो, तो धड होता, म्हणून ग्रंथीच्या ओरडण्याने छाती तेवढी धडधडायची. धाकटीने स्वतःचंही रक्त तपासलं, तर तिचं अक्षर जागेवर होतं. एका घरात, एका ताटात जेवलेल्या दोघी, आणि एवढाच फरक.

तिने ताईला सगळं खरं सांगितलं. ताई तोवर शिवणकामात नाव काढून होती. तिच्या हातचे गळे, कॉलर बघायला बायका लांबून येत. स्वतःचे कपडे मात्र ती बंद गळ्याचेच शिवायची, व्रण दिसू नये म्हणून. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं,

"म्हणजे माझी ग्रंथी चांगली होती?"

"चांगली होती, ताई. ओरडत होती, कारण बाकीच्यांना ऐकू येत नव्हतं."

"आणि आपण ओरडणारीचाच गळा कापला."

धाकटी रडायला लागली. ताईने तिला रडू दिलं, मग कात्री उचलून सुताचं टोक कापलं आणि म्हणाली, "पुरे आता. डोळे पूस. परत शिवता थोडीच येणारे ती?"

त्या शोधाचा एक फायदा तातडीने झाला. ताईच्या गोळ्या तिच्या मापाच्या झाल्या, स्वेटर कपाटात गेला, डुलक्या थांबल्या. पळण्याचं वय निघून गेलं होतं, ते काही गोळीने परत येत नाही. पुढे बाईंचे लेख छापून आले, लांबलांबच्या इस्पितळांतून रक्ताच्या नळ्या यायला लागल्या, आणि दर वेळी बाई उत्साहाने ताईला सांगायला जायच्या. ताई शिवता शिवता ऐकायची आणि एकच म्हणायची, "छोटे, कागद नको दाखवूस मला. वेळेवर वाचलेली एक पोरगी दाखव."

ती काही दाखवता येत नव्हती. नळ्या येत त्या बहुतेक गळा कापून झाल्यावर. ज्यांच्या वेळेत येत त्यांची उत्तरं टपालाने परत जात, पुढे काय झालं ते कुणी कळवत नसे. नळीला चेहरा नसतो. बाई आपल्या कामात सुखी होत्या, यात खोटं काही नाही, पण हे एक देणं त्यांच्या डोक्यावर होतं आणि निवृत्ती जवळ येत होती.

अशात घशाचा एक सर्जन एका मुलीला घेऊन त्यांच्या खोलीत आला. बरोबर मुलीची आई. मुलगी आठवीतली, नाव काहीही असो, घरी तिला भिंगरी म्हणत आणि ते का म्हणत ते पाचच मिनिटांत सगळ्यांना समजलं. तिने फिरती खुर्ची फिरवून पाहिली, सिंकचा नळ सोडला, बंद केला, गरम कपाटाच्या काचेला नाक लावलं आणि खिडकीतली कुंडी पाडली. आई प्रत्येक वेळी "अगं!" म्हणत होती. तो तिचा श्वास घेण्याइतका सवयीचा शब्द झाला होता.

"शाळेतून रोज तक्रार," आई म्हणाली. "रात्री हिच्या छातीवर हात ठेवते तर कबुतर धरल्यासारखं वाटतं. परीक्षा झाली की ऑपरेशन करून टाकू म्हणतात डॉक्टर. मलाही वाटतं, एकदाचं होऊन जाऊ दे."

सर्जन चांगला माणूस होता. त्याने रक्त तपासताना जनुकही वाचून घेतलं होतं. रिसेप्टरच्या जनुकात एक अक्षर बदललेलं होतं, पण असा बदल याआधी कुणालाच दिसलेला नव्हता. घातक की निरुपद्रवी, कुणाला ठाऊक! "बाई, सुरी माझ्या हातात आहे, पण निर्णय तुमच्या हातात," तो म्हणाला. "हिचा रिसेप्टर बहिरा आहे असं दाखवा, मी हात लावणार नाही. ऐकू येतंय म्हणालात, तर मग दोष ग्रंथीचाच धरायचा आणि ती काढायची."

बाईंनी मुलीच्या गळ्याकडे पाहिलं. किंचित फुगलेला होता, ओळखीचा होता. आपल्याला कुठलं उत्तर हवंय ते त्यांना त्याच क्षणी कळलं, आणि म्हणूनच त्यांनी हा प्रयोग स्वतः करायचा नाही असं ठरवलं. काम दिलं ते त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करणाऱ्या चकाचकला.

चकाचकचं खरं नाव वेगळं होतं, हे सांगायला नकोच. तिच्यासारखी स्वच्छ विद्यार्थिनी त्या खोलीने पाहिली नव्हती. बाटल्या रांगेत, हातमोजे दर तासाला नवे, टेबल दिवसातून कितीदा पुसायची त्याला गणती नाही. तिने मुलीचा रिसेप्टर तयार केला, पेशींत सोडला, काजवा सोडला, हार्मोन घातलं, आणि ठरलेल्या दिवशी सकाळी बाईंसमोर येऊन उभी राहिली. चेहरा पडलेला.

"मॅडम, ऐकू येतंय. अगदी धडधाकट रिसेप्टरसारखंच. दोघांत काडीचा फरक नाही."

"परत केलास?"

"नियमाप्रमाणे. तेच उत्तर."

बाई खुर्चीत टेकल्या. म्हणजे गळा कापायचा. पुन्हा एक शांत पोर होणार. फोन उचलून सर्जनला सांगायचं एवढंच बाकी होतं. मन म्हणत होतं, आणखी एकदा कर, आणखी दोनदा कर, हवं ते येईपर्यंत कर. पण नियम त्यांचाच होता, आणि तो अशाच दिवसासाठी केलेला होता. त्यांनी फोन उचलला. नंबर फिरवता फिरवता, केवळ सवयीने, विचारलं, "आणि ताई काय म्हणाली?"

"ताईचं काही विचारू नका मॅडम. ताई बिघडलीय. दोन्ही वेळा लख्ख उजळली. जुना नमुना आहे, काहीतरी मिसळलं असणार त्यात. मी ते आकडे बाजूला काढले आणि नवीन बनवायला घेतलीय."

बाईंनी फोन खाली ठेवला.

"काय म्हणालीस? ताईला ऐकू आलं?"

"हो."

"अगं, ताईला जन्मात ऐकू आलेलं नाही!" बाई इतक्या मोठ्याने म्हणाल्या की घरी असत्या तर शेजारी धावून आले असते. "दाखव मला. सगळे खण दाखव. बाजूला काढलेले आधी."

संगणकाच्या पडद्यावर प्लेटचे आकडे उघडले. बाईंचं बोट सरळ पहिल्या रांगेवर गेलं. त्या रांगेत हार्मोनचा एक थेंबही घातलेला नव्हता, तिथे मिट्ट काळोख हवा. तिथेही उजेड होता. धडधाकट उजळलेला, मुलगी उजळलेली, आणि ताईही.

"यांना आपण काही बोललोच नाही," बाई म्हणाल्या. "मग हे ऐकतायत काय?"

मग बाई उठल्या आणि त्यांनी फ्रिज उघडला. पेशींना खाऊ म्हणून वासराच्या रक्तातला पिवळसर द्राव, म्हणजे सीरम, घालावा लागतो. वासरालाही थायरॉइड असतेच, तेव्हा त्या सीरममध्ये हार्मोन आयतंच असतं. म्हणून बाई त्यात कोळशाची पूड घोळवून ते हार्मोन शोषून घ्यायच्या, मग पूड गाळून टाकायच्या. अशा निवळलेल्या सीरमची एक बाटली त्यांनी या प्रयोगासाठी मुद्दाम करून ठेवली होती. ती जागेवर नव्हती. तिच्या जागी एक नवी, सोनेरी, चकाचक बाटली होती.

"इथली बाटली कुठे गेली?"

"ती?" चकाचक म्हणाली. "ती खराब झाली होती मॅडम. तळाशी काळे ठिपके. बुरशी दिसली म्हणून मी लगेच फेकली, सगळा कप्पा स्पिरिटने पुसून काढला, आणि..." ती थांबली. तिचे डोळे मोठे झाले. "कोळसा होता तो?"

"गाळणी जरा फाटली होती, थोडी पूड राहिली. पण बाटलीवर लिहिलं होतं की मी!"

"स्पिरिट," चकाचक पुटपुटली. बाटल्या पुसताना तिने आधीच ते अक्षर साफ करून टाकलं होतं.

ती रडकुंडीला आली. बाईंना रागवायचं होतं, पण आतून अशी काही उकळी फुटली, की त्या फ्रिजच्या दाराला धरून हसायलाच लागल्या. काळे ठिपके दिसले की फेक, हे त्यांनीच तर शिकवलं होतं. आणि वासराचं हार्मोन प्यालेल्या पेशींच्या कानाशी सगळीकडून इतकी आरडाओरड चालली होती, की बहिऱ्यालाही ऐकू जावं. "रडू नकोस," त्या म्हणाल्या. "पण एक लक्षात ठेव. ताई कधी बिघडत नाही. ताईने वेडंवाकडं उत्तर दिलं तर समजायचं, आपलंच काहीतरी चुकलंय."

नवा कोळसा घोळवला, नव्या गाळणीने गाळला, आणि प्रयोग पुन्हा मांडला, परत चकाचकच्याच हाताने. त्या दिवसांत घरी नवऱ्यालाही शांतता जाणवली. त्याने आपण होऊन यंत्र कानात घातलं आणि विचारलं, "काय झालंय? ओरडत का नाहीस?"

या खेपेला पहिली रांग काळीकुट्ट आली. धडधाकट रिसेप्टर चिमूटभर हार्मोनवर उजळला. ताई अंधारात. आणि तिच्या शेजारी मुलगीही अंधारात, पार पुढे, हार्मोनचा मारा केला तिथे जरा मिणमिणली एवढंच. चकाचकने कुणी न सांगता आकड्यांचा एकही खण बाजूला काढला नाही. नियमाप्रमाणे पुन्हा केलं. तेच आलं. बाईंचा जीव भांड्यात पडला.

सर्जनने सुरी ठेवली. छातीची धडधड कमी करायला एक साधी गोळी दिली, शाळेला समजावायचं काम स्वतःकडे घेतलं. आईला मात्र धीर निघेना. सगळं काढून टाकायचं मनाने धरलेलं, आणि आता काहीच करायचं नाही म्हणतात! "अशी मोठी होऊन बसलेली कुणी आहे का हो?" तिने बाईंना विचारलं. "बघता आली असती तर."

"आहे," बाई म्हणाल्या. "पण तिला आधी विचारते."

ताईने शिवणयंत्र न थांबवता ऐकून घेतलं. मग यंत्र थांबवलं. "वेळेवर?" तिने विचारलं.

"वेळेवर. आणि तूच सांगितलंस, तू नको तिथे उजळलीस म्हणून आमची चूक कळली."

"आण तिला," ताई म्हणाली.

ताईच्या शिवणाच्या दुकानात आल्या आल्या भिंगरीने बटणांचा डबा सांडला. आईने "अगं!" म्हटलं. ताईने गळ्याशी हात नेला, कॉलरचं वरचं बटण काढलं आणि आईला व्रण दाखवला. पहिल्यांदाच, दुकानाच्या उजेडात. "मलाही असंच शांत केलं होतं. तुम्ही करू नका, एवढंच," म्हणाली. आईने तो व्रण पाहिला आणि ती खाली बसून मुलीबरोबर बटणं वेचायला लागली.

"आलीच आहेस तर माप घेते," ताई मुलीला म्हणाली. टेप खांद्यावर लावला की मुलगी वळायची, कमरेला लावला की उडी मारायची. कसंबसं माप झालं. ताईने खडू उचलला आणि कापडावर गळा आखला. चांगला मोठा, मोकळा गळा.

माप संपताच भिंगरी सुटली. दुकानासमोरच्या रस्त्यावरून कोपऱ्यापर्यंत पळत गेली, खांबाला हात लावून परत आली, पुन्हा गेली. ताई दाराशी येऊन उभी राहिली. कॉलर अजून उघडीच होती. धाकटी तिच्या शेजारी.

"छोटे, मी अशीच होते का गं?"

"हुबेहूब."

ताई बराच वेळ बघत होती. पोरगी तिकडून वाऱ्यासारखी येत होती, केस तोंडावर, एक बूट सुटलेला.

"माझे फोटो सगळे उभे करून काढलेले," ताई म्हणाली. "पळताना मी कशी दिसायचे ते मला कधी दिसलंच नव्हतं."